वक्र कवचाची कसोटी

कागदाचा एक ताव एका कडेला चिमटींत धरावा; तो लगेच मान टाकतो. तोच ताव किंचित् गोलाकार वळवून धरावा. आतां तो ताठ राहतो आणि वर एखादी पेन्सिल ठेवली तरी ती सहन करतो. कागद तोच, जाडी तीच, वजनहि तेंच. बदलला तो केवळ आकार. वक्रतेच्या ह्या देणगीची ओळख मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. आपल्याकडील नळीचें कौल, मातीचा घडा, देवळावरील घुमट हीं सर्व त्याच ओळखीचीं रूपें होत. परंतु ओळख असणें वेगळें आणि हिशेब मांडतां येणें वेगळें. एखादें पातळ व वक्र कवच किती भार सोसून केव्हां मोडेल हें आधीं गणितानें सांगावें, आणि मग प्रत्यक्ष भार घालून तें ताडून पाहावें, हा उद्योग गेल्या पावणेदोनशे वर्षांतला आहे. ह्या उद्योगाचा इतिहास म्हणजे बहुतांशीं गणित आणि कसोटी ह्यांच्यांतील एका लांबलेल्या वादाचा इतिहास होय.

हा वाद केवळ विद्वानांच्या दालनांतला नाहीं. पुलावरून जाणारे उतारू, गिरणींतील बॉयलरपाशीं राबणारे कामगार, युद्धांतील वैमानिक ह्या सर्वांचे प्राण त्याच्या निकालावर अवलंबून होते व आजहि आहेत. आणि त्या वादांत एक गोष्ट पुनःपुन्हां घडलेली दिसते: गणित करणारानें जी बाब क्षुल्लक समजून बाजूला ठेवली, नेमकी तीच बाब कसोटीच्या वेळीं पुढें येऊन उभी राहिली. हें कसें घडत गेलें, तें पाहण्यासारखें आहे.

१

वेल्सच्या मुख्य भूमीपासून अँगल्सी बेट मेनाय नांवाच्या सामुद्रधुनीनें तुटलेलें आहे. तीवरून आगगाडी नेण्याचें काम रॉबर्ट स्टीफन्सन ह्या इंजिनियराकडे आलें, तेव्हां त्यानें एक विलक्षण कल्पना काढली. लोखंडी पत्र्यांची एक अवाढव्य पोकळ नळी करावी आणि गाडी तिच्या आंतूनच जाऊं द्यावी! अशी नळी त्यापूर्वीं कोणीं केलेली नव्हती, त्यामुळें तिचें गणितहि तयार नव्हतें. तेव्हां विल्यम फेअरबेअर्न ह्या कारखानदाराच्या थेम्स नदीकांठच्या मिलवॉल येथील कारखान्यांत १८४५ सालीं लहान नळ्यांवर प्रयोग सुरू झाले, आणि गणिताची बाजू पाहण्यासाठीं ईटन हॉजकिन्सन ह्याला बोलावण्यांत आलें.

त्या वेळेपर्यंत लोकांचा अनुभव बिडाच्या तुळयांचा होता. बीड ताणाला कच्चें, म्हणून तुळई मोडायची ती खालच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूनें. मजबुती द्यायची तीहि खालींच, असा संकेत रूढ झालेला होता. मिलवॉलच्या नळ्यांनीं हा संकेत उलथून टाकला. घडीव लोखंडाच्या पातळ पत्र्याची नळी भाराखालीं वरच्या, दाबल्या जाणाऱ्या बाजूला प्रथम चुरगळूं लागली. लोखंड तुटण्याच्या कितीतरी आधींच पत्रा आपला आकार सोडून देई. गोल नळ्या झाल्या, लंबगोल झाल्या, शेवटीं चौकोनी नळीवर निवड ठरली. नियोजित पुलाच्या एकषष्ठांश मापाची एक मोठी प्रतिकृति करून ती मोडेपर्यंत भार घातला. जेथें मोडली तेथें मजबुती देऊन पुन्हां भार घातला. अशा रीतीनें नळीचा प्रत्येक भाग आपापलें म्हणणें मांडत गेला, आणि इंजिनियर तें टिपून घेत गेले.

ह्या प्रयोगांतून निघालेला उपाय ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. नळीचें छत एका जाड पत्र्याचें न करतां, दोन पत्रे एकमेकांपासून दूर ठेवून मध्यें उभ्या पत्र्यांचे कप्पे केले. लोखंड फारसें न वाढतां छत चुरगळण्याला कितीतरी अधिक विरोध करूं लागलें. ब्रिटानिया ह्या नांवाचा तो पूल १८५० सालीं वाहतुकीला खुला झाला. त्याचा सर्वांत मोठा गाळा ४६० फुटांचा होता. दोन पातळ पापुद्रे आणि मध्यें हलका आधार, ही जी रचना पुढें विमानांत आणि अग्निबाणांत नांवारूपाला आली, तिचें बीज असें पुलाच्या छतांत पेरलें गेलें होतें.

फेअरबेअर्न तेवढ्यावर थांबला नाहीं. त्या काळीं बॉयलर फुटून माणसें मरण्याचे प्रकार इंग्लंडांत वारंवार होत. बॉयलरच्या पोटांतून जाणाऱ्या धुरांड्याच्या नळीवर वाफेचा दाब बाहेरून पडतो. त्या दाबानें ती एकाएकीं आंत चेपली जाई. नळीची लांबी कितीहि असली तरी तिच्या बळांत फरक पडत नाहीं, असा समज होता. फेअरबेअर्ननें नळ्या पाण्याच्या दाबानें चेपून दाखविलें कीं, नळी जितकी लांब तितकी ती लवकर चेपते. हा निष्कर्ष त्यानें १८५८ सालीं रॉयल सोसायटीपुढें ठेवला. लांब नळीला ठराविक अंतरावर कडीं बसवून तिचे आंखूड भाग पाडावे, हा साधा उपाय त्यांतून निघाला. ज्या लँकेशायर बॉयलरांवर पुढें मुंबईच्या कापडगिरण्या पिढ्यान् पिढ्या चालल्या, त्यांच्या पोटांत अशाच दोन नळ्या असत. गिरणगांवांतील कामगाराला फेअरबेअर्नचें नांव ठाऊक नसेल. पण त्या चेपलेल्या नळ्यांच्या नोंदींचें ऋण त्याच्यावरहि होतें.

२

एकोणिसाव्या शतकाचें हें सर्व काम प्रयोगाच्या आधारें चाललें. गणित मागून येत होतें. सरळ काठी उभी करून वरून दाबली असतां ती एका ठराविक भारापाशीं एकदम बाजूला वांकते, हें ऑयलर ह्या गणितज्ञानें १७४४ सालींच सूत्रबद्ध करून ठेवलें होतें. परंतु काठी आणि वक्र पत्रा ह्यांत फार अंतर आहे. पातळ भिंतीच्या नळकांड्याला टोकांवरून दाबलें असतां तें केव्हां चुरगळेल, ह्याचें उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभीं लोरेन्त्स (१९०८), टिमोशेंको (१९१०) आणि साउथवेल (१९१४) ह्यांनीं दिलें. उत्तर मोठें सुबक होतें. भिंतीच्या जाडीला नळकांड्याच्या त्रिज्येनें भागावें, त्याला द्रव्याच्या ताठपणाच्या अंकानें गुणावें, आणि येणाऱ्या संख्येचे सुमारें सहा-दशांश घ्यावे. एवढा दाब आला कीं नळकांडें चुरगळेल. लांबीचा प्रश्न नाहीं, गुंतागुंत नाहीं. एका ओळींत सर्व आटोपलें.

ह्याच सुमारास विमानें कापड आणि तारा सोडून पातळ धातूच्या पत्र्याचीं होऊं लागलीं, आणि ह्या सुबक सूत्राला गिऱ्हाईक मिळालें. इंग्लंडांत रॉबर्टसननें १९२८ च्या सुमारास, अमेरिकेंत लुंडक्विस्टनें १९३३ सालीं आणि त्याच काळांत डॉनेलनें नळकांडीं दाबून पाहिलीं. निकाल पाहून सर्वजण गोंधळले. नळकांडें सूत्रानें सांगितलेल्या भाराच्या निम्म्यावर मोडे, कधीं तिसऱ्या हिश्श्यावर, तर भिंत फारच पातळ असली म्हणजे पंचमांशाच्या आसपासहि. त्याहून विचित्र गोष्ट ही कीं, एकाच पत्र्याचीं, एकाच मापाचीं, एकाच कारागिरानें केलेलीं दोन नळकांडीं वेगवेगळ्या भारांवर मोडत. सरळ काठीच्या बाबतींत ऑयलरचें सूत्र चोख उतरत होतें; मग वक्र पत्र्यानेंच असें काय पाप केलें होतें?

उत्तराचा पहिला धागा थिओडोर फॉन कार्मान आणि त्याचा चिनी शिष्य च्यान श्वेसन ह्यांच्या हातीं लागला. १९३९ ते १९४१ ह्या काळांत त्यांनीं गोल आणि दंडाकार कवचांवर निबंध लिहिले. हाच च्यान पुढें १९५५ सालीं चीनला परतला आणि त्या देशाच्या अग्निबाणविद्येचा जनक ठरला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: काठी वांकली तरी आपला भार सोडीत नाहीं, वक्र कवच मात्र एकदां आंत बसूं लागलें कीं त्याचें बळ झपाट्यानें घटत जातें. तेलाच्या डब्याचा फुगीर पत्रा अंगठ्यानें दाबला असतां थोडा वेळ दाद देत नाहीं आणि मग ‘टक्’ करून एकदम आंत बसतो, त्यांतला प्रकार. सूत्रानें सांगितलेली उंच पायरी असते खरी, परंतु तिच्या खालींच एक खोल खड्डा असतो. आणि जरासा धक्का लागला तरी कवच पायरी गांठण्यापूर्वींच खड्ड्यांत उडी घेतें.

धक्का कशाचा, आणि तो किती लहान असला तरी पुरतो, हें सांगण्याचें श्रेय वार्नर कोइटर ह्या डच पंडिताचें आहे. त्याचें काम हॉलंड जर्मनांच्या ताब्यांत असतांना झालें, आणि युद्ध संपल्यावर १९४५ सालीं डेल्फ्ट येथें त्यानें प्रबंध सादर केला. त्यानें दाखविलें कीं, कवचाच्या आकारांतील अत्यल्प वैगुण्यहि त्याच्या बळाचा मोठा हिस्सा हिरावून घेतें, आणि हा ऱ्हास वैगुण्याच्या प्रमाणांत नसून आरंभींच अतिशय तीव्र असतो. त्याच्या पुढील गणितांतलें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. नळकांड्याच्या भिंतीवर सर्वांत घातक अंतराच्या, अंगठीसारख्या नियमित लाटा असतील, आणि त्यांची उंची भिंतीच्या जाडीच्या अवघ्या पांचव्या हिश्श्याएवढी असेल, तरी नळकांड्याचें बळ निम्म्यावर येतें. जाडी एक मिलिमीटर धरली तर हें वैगुण्य मिलिमीटरच्या पंचमांशाचें झालें. तें डोळ्यांना दिसत नाहीं, बोटांना लागत नाहीं. आणि तेवढ्यासाठीं अर्धें बळ जातें!

एवढा मोलाचा हा प्रबंध डच भाषेंत होता. विद्येच्या बाजारांत ज्या भाषांचे दर मोठे, त्यांत ती नव्हती. त्यामुळें कोइटरचें उत्तर जवळजवळ दोन दशकें बहुतेकांच्या वाचनांत आलें नाहीं. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेनें त्याचें इंग्रजी भाषांतर १९६७ सालीं प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत इतर देशांतील कांहीं विद्वान् त्याच कोड्याभोंवतीं घिरट्या घालीत होते. उत्तर छापून ठेवलेलें असतां केवळ भाषेच्या भिंतीमुळें तें दृष्टिआड राहावें, ही गोष्ट लहान भाषांत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना विचार करायला लावणारी आहे. दोष त्या भाषेचा नव्हता. तींतलें वाचण्याची तसदी न घेणाऱ्यांचा होता.

दरम्यान इंजिनियरांना थांबतां येत नव्हतें. अग्निबाणाचें अंग म्हणजे पातळ भिंतीचें नळकांडेंच, आणि चंद्रावर जाण्याची तारीख जवळ येत होती. तेव्हां त्यांनीं एक व्यवहारी तोड काढली. आजवर मोडलेल्या सर्व नळकांड्यांचे आंकडे एका आलेखावर मांडले, सर्वांत खालच्या ठिपक्यांना लागून एक रेषा काढली, आणि सूत्राच्या उत्तराला त्या रेषेवरील गुणकानें गुणावें असें ठरविलें. नासानें १९६५ सालीं काढलेल्या आणि १९६८ सालीं सुधारलेल्या पुस्तिकेप्रमाणें, त्रिज्या जाडीच्या शंभरपट असली तर सूत्राचें सुमारें ५८ टक्के बळ धरावें. हजारपट असली तर अवघें २२ टक्के. बाकीचें बळ अज्ञानाच्या खात्यावर लिहून टाकावें. ही तोड सुरक्षित होती, परंतु महाग होती. कारण अग्निबाणाच्या अंगावर वाढलेला प्रत्येक शेर त्यानें वाहून न्यावयाच्या सामानांतून वजा होतो.

३

पत्रा पातळ असल्यामुळें वैगुण्य त्याला इतकें जाचतें. मग वजन न वाढवितां तो जाड करतां आला तर? येथें ब्रिटानिया पुलाच्या छताची युक्ति पुन्हां उपयोगी पडली. दोन पातळ व ताठ पापुद्रे घ्यावे, त्यांच्यामध्यें एखाद्या अतिशय हलक्या पदार्थाचा गाभा घालावा, आणि तिन्हीं थर सरसानें एकजीव करावे. ह्या रचनेला पाश्चात्त्यांनीं पावाच्या दोन कापांमधील सारणावरून ‘सँडविच’ असें नांव दिलें. पापुद्र्यांमधील अंतर दुप्पट केलें कीं वांकण्याला होणारा विरोध सुमारें चौपट होतो, आणि गाभा हलका असल्यामुळें वजन फारसें वाढत नाहीं. अशी फळी वक्र केली म्हणजे आकाराची देणगी आणि जाडीची देणगी एकत्र मिळते.

ह्या रचनेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिशांचें मॉस्किटो विमान. डी हॅविलँड कंपनीनें १९३७ सालीं उडविलेल्या आल्बाट्रॉस ह्या उतारू विमानांत आधींच ही रीत वापरली होती. युद्ध सुरू झालें तेव्हां धातूची टंचाई होती. सुतारकाम करणारे कारागीर मात्र पुष्कळ होते. मॉस्किटोनें २५ नोव्हेंबर १९४० रोजीं हॅटफील्ड येथें पहिलें उड्डाण केलें. त्याचें धड दोन उभ्या अर्धांत होई. महोगनीच्या किंवा काँक्रीटच्या सांच्यावर बर्च लांकडाच्या पातळ प्लायचा एक पापुद्रा, त्यावर इक्वेडोरहून आणलेल्या बाल्सा ह्या अत्यंत हलक्या लांकडाचा थर, आणि त्यावर पुन्हां बर्चचा पापुद्रा अशी मांडणी करून सर्व सरसानें चिकटवीत आणि पट्ट्यांनीं आवळून ठेवीत. तिन्हीं थर मिळून जाडी अवघी सुमारें ११ मिलिमीटर. दोन्ही अर्धांत आंतील तारा व नळ्या बसवून मग ते शिंपल्यासारखे जोडीत. पियानो आणि सामान करणाऱ्या कारखान्यांतून ह्या विमानाचे भाग तयार होत असत. अशीं ७,७०० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं.

ह्या यशाच्या मागें अभ्यासहि होता. १९४० सालीं गॉफ, एलॅम आणि डी ब्रूइन ह्या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. गाभ्यावर चिकटवलेला पातळ पापुद्रा दाबला असतां त्याला बारीक सुरकुत्या कधीं पडतील, हा त्यांचा प्रश्न होता. ह्या सुरकुत्यांचा दाब पापुद्र्याच्या जाडीवर अवलंबून नसून पापुद्रा आणि गाभा ह्यांच्या ताठपणावर असतो, असें त्यांत निघालें. म्हणजे पापुद्रा पातळ असला तरी चालेल. परंतु गाभा त्याला घट्ट धरून असला पाहिजे. हें धरून ठेवण्याचें काम सरसाचें. आरंभीं दुधांतील केसीनपासून केलेला सरस वापरीत. पुढें ह्याच डी ब्रूइननें शोधलेला कृत्रिम राळेचा सरस आला. गणितांत मात्र सरसाला स्थान नव्हतें. थर एकजीव आहेत असें गृहीत धरून गणित पुढें जाई.

हें गृहीत भारतांत येऊन कसोटीला लागलें. १९४४ सालीं ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठीं मॉस्किटो विमानें भारतांत आणण्यांत आलीं होतीं. त्या वर्षीं त्यांतील कांहीं विमानें हवेंतच मोडलीं आणि वैमानिक प्राणांस मुकले. नोव्हेंबरांत येथील सर्व मॉस्किटो विमानें जमिनीवर ठेवून तपासणी सुरू झाली. पंखांचा मुख्य वासा आणि वरचें प्लायचें आवरण ह्यांचे सांधे सुटत असल्याचें दिसून आलें. संशय प्रथम येथील हवेवर गेला. उष्णतेनें सरस बिघडला असेल, पावसाळ्यांतील दमटपणानें लांकूड फुगून मग आकसलें असेल, अशीं कारणें पुढें आलीं; आणि तीं मान्य होणें सोयीचेंहि होतें, कारण त्यांत कोणाचाच दोष ठरत नव्हता. परंतु पुढील चौकशींत तेच दोष जीं विमानें पावसाळ्याच्या हवेंत कधीं आलींच नव्हतीं त्यांतहि सांपडले. मूळ कारण इंग्लंडांतील दोन कारखान्यांतील सदोष जोडणींत होतें. तेथें सरसकामाचा दर्जा पुष्कळच कमी पडला होता. मग वाशाच्या सांध्यावर पंखाच्या लांबीभर प्लायची पट्टी बसवून तो बंद करण्यांत आला.

ह्या प्रकरणांत दोष विमानाच्या वक्र धडाचा नव्हता, पंखाच्या सांध्याचा होता, हें खरें. तथापि त्यांतला धडा सर्वच चिकटवलेल्या रचनांना लागू आहे. पातळ पत्र्याचें वैगुण्य आकारांत असतें. तें निदान मोजतां तरी येतें. चिकटवलेल्या रचनेचें वैगुण्य सांध्याच्या आंत दडलेलें असतें. बाहेरून दोन फळ्या हुबेहुब सारख्या दिसतील, त्यांचें वजन सारखें भरेल, आणि एकींत सरस पुरता लागलेला असेल, दुसरींत नसेल. जाडी वाढवून आकाराचें ऋण फेडलें गेलें, पण तें सांध्याच्या नांवावर चढलें.

४

युद्धानंतर लांकडाची जागा अल्युमिनियमनें, आणि पुढें कांचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंनीं भरलेल्या राळेनें घेतली. गाभ्यासाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरांची जाळी आली. गणितहि पुढें सरकलें. अशा फळींत पापुद्रे वांकण्याचा भार घेतात, पण ते एकमेकांवरून सरकूं नयेत म्हणून धरून ठेवण्याचें काम गाभ्याचें. आणि गाभा मऊ असल्यामुळें तो थोडा सरकतोच. ही सरक हिशेबांत धरणारे सिद्धांत १९४० नंतरच्या दशकांत तयार झाले. पुढें संगणक आला. एका मोठ्या वस्तूचे हजारों लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचें गणित करावयाचें, ही जी रीत १९५६ सालीं बोइंग कंपनीच्या कामांतून पुढें आली, तिनें वक्र, तिरकस, भोकें पाडलेली, कशीहि फळी गणिताच्या कक्षेंत आणली.

वक्र सँडविच फळीचें एक वैशिष्ट्य येथें सांगितलें पाहिजे. कारण सपाट फळींत तें आढळत नाहीं. कमानीसारखी वळलेली फळी दोन्ही टोकें धरून सरळ करूं गेलें, तर तिचे आंतला व बाहेरचा पापुद्रे एकमेकांपासून दूर जाऊं पाहतात आणि गाभ्याला दोन्ही बाजूंनीं ओढतात. उलट ती अधिक वळवूं गेलें, तर ते एकमेकांजवळ येऊं पाहतात आणि गाभा चेंगरतो. म्हणजे पापुद्र्याला लंब अशा दिशेनें सांध्यावर ओढ पडते, आणि सांधा सर्वांत दुबळा असतो तो त्याच दिशेनें. जी वक्रता बळ देते तीच सांध्याला सोलूंहि पाहते.

म्हणून अशा फळीची परीक्षा घेणें सोपें नसतें. सपाट पट्टी यंत्राच्या जबड्यांत धरून ओढली कीं झालें. विमानाच्या धडाचा वक्र तुकडा मात्र विमानांत असतांना आंतून हवेच्या दाबानें फुगत असतो, लांबीच्या दिशेनें ताणला जात असतो, आणि पिळलाहि जात असतो. हे सर्व भार एकाच वेळीं आणि योग्य प्रमाणांत घालावे लागतात, आणि कडा अशा धराव्या लागतात कीं तुकड्याला आपण उरलेल्या विमानापासून तुटलों आहोंत असें वाटूं नये. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्यानें न्यू जर्सींतील आपल्या केंद्रांत ह्यासाठींच एक यंत्र उभारलें आहे. तेथें वक्र तुकडा पाण्याच्या दाबानें फुगवितात आणि चहूंकडून ओढतात. कार्बन-तंतूंच्या सँडविच फळ्यांना मुद्दाम भोकें आणि चिरा पाडून, जखमी फळी किती तग धरते, तेंहि तेथें पाहण्यांत आलें. निर्दोष वस्तूची परीक्षा पुरेशी नाहीं, ही जाणीव येथवर येण्यास दीडशे वर्षें लागलीं.

तरीहि क्षुल्लक ठरविलेली बाब पुन्हां पुढें आलीच. अमेरिकेनें एक्स-३३ नांवाचें अंतराळयान बांधावयास घेतलें होतें. त्याची द्रवरूप हायड्रोजनची टांकी चार फुगीर कप्प्यांची होती आणि त्या कप्प्यांच्या भिंती कार्बन-तंतूंच्या वक्र सँडविच फळ्यांच्या होत्या. ३ नोव्हेंबर १९९९ रोजीं अलाबामांतील मार्शल केंद्रांत ती टांकी अतिथंड हायड्रोजननें भरून तिच्यावर भार घालण्यांत आला. टांकीनें भार सोसला. सर्व सुरळीत पार पडलें असें वाटून हायड्रोजन काढून घेण्यांत आला. आणि भिंतीला ऊब लागूं लागल्यावर एका कप्प्याचा बाहेरचा पापुद्रा गाभ्यापासून सुटून उचकटला.

चौकशींत जें निघालें तें असें: अतिथंडपणानें आंतल्या पापुद्र्याच्या राळेला सूक्ष्म भेगा पडल्या होत्या. त्यांतून हायड्रोजन गाभ्याच्या पोळ्यांत शिरला. बाहेरून टांकीभोंवतीं खेळविलेला नायट्रोजनहि आंत ओढला जाऊन थिजला. टांकी रिकामी झाली तशी ऊब आली, आणि त्या द्रव्यांचा वायु होऊन तो पोळ्यांत कोंडला गेला. वाट मिळण्यापूर्वींच त्याचा दाब सांध्याच्या बळापलीकडे गेला. भाराचें गणित चुकलेलें नव्हतें. गाभ्याची घरें रिकामीं राहतील, हें गृहीत चुकलें होतें. ह्या अपयशानंतर दीड वर्षाच्या आंत, २००१ सालीं, तो संपूर्ण प्रकल्पच गुंडाळण्यांत आला.

सांध्याचा हाच प्रश्न उतारूंच्या विमानांतहि उद्भवला. ६ मार्च २००५ रोजीं क्यूबांतील वारादेरो येथून क्वेबेककडे निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या विमानाचें शेपटीवरील सुकाणूं आकाशांत तुटून पडलें. तें कार्बन-तंतूंच्या सँडविच फळ्यांचें होतें. सुदैवानें वैमानिकांनीं विमान परत आणून सुखरूप उतरविलें. कॅनडाच्या चौकशी मंडळानें असा निष्कर्ष काढला कीं, उड्डाणापूर्वींच त्या फळींत पापुद्रा सुटलेला होता किंवा गाभा चिरलेला होता, आणि उड्डाणांत तो दोष पसरत गेला. तपासणीच्या रूढ पद्धतीनें असा दोष दिसण्याची हमी नव्हती.

५

मग गणित आणि कसोटी ह्यांचा वाद कोठवर आला? अलीकडील एक प्रयोग ह्याचें चांगलें उत्तर देतो. नासाच्या कांहीं संशोधकांनीं २००७ पासून जुन्या ऱ्हासगुणकाची पुन्हां छाननी सुरू केली. मार्च २०११ मध्यें मार्शल केंद्रांतच साडेसत्तावीस फूट व्यासाचें आणि वीस फूट उंचीचें अल्युमिनियम-लिथियम मिश्रधातूचें नळकांडें चुरगळेपर्यंत दाबण्यांत आलें; त्यासाठीं जवळजवळ दहा लक्ष पौंड भार घालावा लागला. परंतु भारापेक्षां त्यापूर्वींची तयारी महत्त्वाची होती. नळकांड्याचा पृष्ठभाग कोठें किती आंत-बाहेर आहे हें आधीं मोजलें आणि मोजलेलीं तीं वैगुण्यें जशींच्या तशीं संगणकांतील प्रतिकृतींत घातलीं. पांढऱ्या रंगावर असंख्य काळे ठिपके देऊन, भार चढत असतांना प्रत्येक ठिपका कसा हलतो तें कॅमेऱ्यांनीं टिपलें. ह्या प्रयत्नाला पुढें कार्बन-तंतूंच्या सँडविच नळकांड्यांची जोड देण्यांत आली, आणि २०२० सालीं ती जुनी पुस्तिका पन्नासाहून अधिक वर्षांनीं सुधारून निघाली.

ह्यांतील पालट बारकाईनें पाहिला पाहिजे. साउथवेलच्या काळीं गणिताचें नळकांडें आदर्श होतें आणि खरें नळकांडें त्याच्या मानानें सदोष ठरे. १९६५ च्या पुस्तिकेनें खऱ्या नळकांड्याचे दोष एका सरसकट दंडाच्या रूपानें वसूल केले. चांगल्या कारागिराला आणि वाईट कारागिराला दंड सारखाच. आतां गणित प्रत्यक्ष समोर असलेल्या नळकांड्याचें होऊं लागलें. त्याच्या व्यंगांसह, त्याच्या नांवानिशीं. कारागिराच्या हाताची सफाई प्रथमच आंकड्यांत उतरूं लागली. ज्यानें काळजीपूर्वक काम केलें त्याला त्याचें फळ मिळावें आणि ज्यानें केलें नाहीं त्याचा दोष वेळीं उघडा पडावा, एवढा न्याय ह्या शास्त्रांत येण्यास शतकभर वाट पाहावी लागली.

तथापि जें मोजलें तेवढेंच गणितांत येतें, ही मर्यादा सुटलेली नाहीं. आकार मोजतां येतो. सांध्याचें बळ मात्र सांधा न मोडतां नेमकें सांगतां येत नाहीं. ध्वनिलहरींनीं सुटलेला पापुद्रा हुडकतां येतो, पण चिकटलेला असूनहि दुबळा असलेला सांधा ओळखणें फार कठीण. मिलवॉलच्या कारखान्यांत फेअरबेअर्ननें नळ्या मोडून त्यांच्या नोंदी ठेवल्या. १९४४ च्या चौकशी करणारांनीं हवेच्या सोयीच्या कारणावर न थांबतां, पावसाळा न पाहिलेल्या विमानांचेहि सांधे उघडले. एक्स-३३ च्या तपासनीसांनीं बरोबर आलेल्या आंकड्यांवर समाधान न मानतां पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकावून पाहिलें. ह्या तिन्हीं प्रसंगीं विद्या पुढें गेली ती मोडलेली वस्तु जपून ठेवल्यामुळें आणि तिच्याविषयीं अप्रिय प्रश्न विचारल्यामुळें.

आज आपल्या देशांतहि विमानें, अग्निबाण आणि पवनचक्क्यांची प्रचंड पातीं अशाच संमिश्र द्रव्यांचीं घडविलीं जात आहेत, आणि संगणकावरील रंगीत चित्रें पाहून काम झालें असें मानण्याचा मोह कोणालाहि पडण्यासारखा आहे. त्या चित्रांत आपण जें घालतों तेंच दिसतें. जें घालावयाचें राहिलें तें सांगण्यास मोडेपर्यंत दाबलेली एक खरी फळी लागते, आणि ती कां मोडली हें लिहून ठेवणारा एक प्रामाणिक माणूस लागतो.